इंग्रजीतला 'र' म्हणायचा की गिळायचा? 'रोटिक' या शब्दाबद्दल

खडूफळा

नमस्कार मंडळी. धागा एका शब्दाबद्दल आहे, पण सुरुवात वर्गातून करते, कारण मी या शब्दापर्यंत तिथूनच पोचले.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गावर एक पाहुणे आले होते. नववीतली एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती. 'फोर्टी-फोर' तिने अगदी स्वच्छ वाचलं, दोन्ही 'र' शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले. पाहुण्यांनी तिला थांबवलं. "बाळ, तो आर सायलेंट असतो. खरं इंग्लिश 'फोटी-फो'. र म्हटला की लगेच कळतं, शाळा कुठली ते." मुलगी खाली बसली. वाचायला रोज पहिला हात तिचा वर असायचा. त्या दिवसापासून तिने हात वर केलेला नाही.

पाहुण्यांचं चुकतंय हे मला त्या क्षणी जाणवत होतं, पण नेमकं काय चुकतंय ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. घरी येऊन शोधत बसले आणि तो सापडला: रोटिक.

'कार', 'हार्ड', 'नंबर' अशा शब्दांत स्वरानंतर येणारा र ज्या धाटणीच्या इंग्रजीत उच्चारला जातो ती धाटणी रोटिक. जिथे र फक्त पुढे स्वर असेल तेव्हाच उच्चारतात ('रेड', 'व्हेरी') आणि एरवी सोडून देतात, ती नॉन-रोटिक. लंडनचं सुशिक्षित इंग्रजी नॉन-रोटिक आहे. पण अमेरिका आणि कॅनडाचा बहुतेक भाग, स्कॉटलंड, आयर्लंड हे सगळे रोटिक. म्हणजे 'फोर्टी-फोर' मधले दोन्ही र रोज म्हणणारे आणि इंग्रजी हीच मातृभाषा असलेले कोट्यवधी लोक आहेत. माझी विद्यार्थिनी त्यांच्यासारखंच वाचत होती.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. हा शब्द आला कुठून, आणि याला मराठीत काय म्हणावं. नववीच्या मुलांना 'नॉन-रोटिक' सांगून काही पोचणार नाही. जाणकारांनी लिहावं.

अर्धविराम

फार चांगला विषय काढलात, ताई. उगमाचं मला माहीत आहे ते लिहितो.

शब्द दिसतो ग्रीक आणि प्राचीन, पण आहे अगदी अलीकडचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी तो १९६८ साली घडवला. त्याआधी भाषाभ्यासक 'आर-फुल' आणि 'आर-लेस' असे कामचलाऊ शब्द वापरत. पुढे १९८२ साली वेल्स यांचा इंग्रजीच्या उच्चारधाटण्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ आला आणि शब्द सगळीकडे रुळला.

'रो' हे ग्रीक लिपीतल्या र या अक्षराचं नाव. इंग्रजी स्पेलिंगात आरनंतर एच येतो, कारण ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र महाप्राण असे आणि रोमन लोक तो आर-एच असा लिहीत. ऱ्हिदम, ऱ्हेटोरिक, ऱ्हायनोसेरॉस यांत तोच एच बसलेला आहे. अक्षराचं नाव ग्रीकांनी फिनिशियन लोकांकडून घेतलं. तिकडे त्याचा अर्थ 'डोकं', हिब्रूत त्याच अक्षराला 'रेश' म्हणतात.

मधला 'ट' बघून प्रश्न पडतो, 'रो' वरून 'रोइक' का नाही? तो ट 'रोटॅसिझम' या बऱ्याच जुन्या शब्दातून आलेला आहे. एखाद्या भाषेत दुसऱ्या ध्वनीचा, बहुधा स चा, र होतो त्याला रोटॅसिझम म्हणतात. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या स चा र झाला. कायद्याला शब्द 'यूस', पण त्याचं षष्ठीचं रूप 'यूरिस'. त्यामुळे इंग्रजीत एकाच मुळापासून 'जस्ट' मध्ये स आहे आणि 'ज्युरी' मध्ये र. 'वॉज' आणि 'वेअर' ही जोडीही तशीच, फक्त ती जर्मन कुळातली.

जाता जाता एक. हा शब्द दोन ठिकाणी वापरतात आणि लोक गल्लत करतात. 'रोटिक ॲक्सेंट' म्हणजे वर ताईंनी सांगितलं ते. 'रोटिक कॉन्सोनंट' म्हणजे र च्या जातीतलं कुठलंही व्यंजन: आपला जिभेच्या टोकाचा र, फ्रेंचांचा घशातला र, अमेरिकनांचा जीभ आत वळवून केलेला र, सगळे त्यात आले. धाटणी रोटिक आहे एवढ्यावरून र *कुठे* म्हणतात ते कळतं, *कसा* म्हणतात ते नाही. 'रोटिक म्हणजे जीभ थरथरवून म्हटलेला र' असं कुणी सांगितलं तर ते बरोबर नाही.

सुपारी

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: मुळात र सगळेच म्हणत होते आणि नंतर गेला, की मुळात नव्हताच आणि अमेरिकनांनी घातला? मला कायम वाटायचं अमेरिकनांनी इंग्रजी बिघडवलं.

अर्धविराम

@सुपारी, र मुळात होता. स्पेलिंग त्या काळातलं आहे, म्हणून त्यात तो अजून दिसतो. नाटककार बेन जॉन्सनचं इंग्रजीचं व्याकरण १६४० साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्यात तो लिहितो की शब्दाच्या सुरुवातीला हा वर्ण ठणठणीत वाजतो, मध्ये आणि शेवटी जरा पातळ होतो. पातळ होतो म्हणजे आहे, फक्त सैल पडलाय. पुढे १७९१ साली जॉन वॉकरने आपल्या उच्चारकोशात नोंदवलं की लंडनमध्ये 'कार्ड', 'बार्ड' यांतला र इतका घशात जातो की उरतो तो जवळजवळ नुसता लांबवलेला 'आ'. म्हणजे दीडशे वर्षांत 'कार्ड' चा 'काड' होत आला. स च्या आधीचा र तर काही बोलींत याहून लवकर गेला, 'कर्स' चा 'कस' आणि 'बर्स्ट' चा 'बस्ट' होऊन ते वेगळे शब्द म्हणून नांदू लागले.

आता अमेरिकेच्या तारखा याशेजारी ठेवा. इंग्रजांची जेम्सटाउनची वसाहत १६०७ ची. ते लोक र घेऊनच बोटीत बसले. ऑस्ट्रेलियातली पहिली वसाहत १७८८ ची, लंडनचा र निघून जायच्या काळातली, म्हणून ऑस्ट्रेलियन इंग्रजी नॉन-रोटिक. न्यूझीलंडही नॉन-रोटिक, पण दक्षिण टोकाच्या साउथलंड भागात र ऐकू येतो, कारण तिकडे स्कॉटिश लोक मोठ्या संख्येने वसले. र च्या नकाशात गलबतांच्या तारखा वाचता येतात, मला या विषयातली ही सगळ्यात आवडती गोष्ट.

तेव्हा बिघडवलं कुणीच नाही. पण जुनं कोणतं असं विचाराल तर र म्हणणं जुनं.

चार्ल्सकाठ

बॉस्टनहून लिहितेय. इथे वीस वर्षं काढली, त्यामुळे या विषयावर गप्प बसवणार नाही.

अमेरिका रोटिक हे खरं, पण पूर्व किनाऱ्यावरची काही जुनी बंदरं अपवाद होती. बॉस्टन, न्यूयॉर्क, दक्षिणेत रिचमंड, चार्ल्सटन. इथल्या व्यापारी घराण्यांचा लंडनशी संबंध पक्का होता, लंडनने र सोडला तसा यांनीही सोडला. फिलाडेल्फिया मात्र रोटिकच राहिलं. बॉस्टनच्या जुन्या पिढीत अजून 'पार्क द कार इन हार्वर्ड यार्ड' चं 'पाक द का इन हावड याड' होतं.

नवीन होते तेव्हाची गोष्ट. इमारतीचा वयस्कर रखवालदार मला विचारत होता, माझ्या 'खाकीज' सापडल्या का. मी म्हटलं, मी खाकी कपडे घालतच नाही. तो हाताने किल्ली फिरवल्याची खूण करू लागला तेव्हा उजेड पडला: 'कार कीज'. इथे हे दोन शब्द एकसारखे वाजतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, मला नव्हतं. खाकी हा तर आपल्याकडून गेलेला शब्द, आणि त्यानेच मला फसवलं.

गंमत अशी की जो र सोडतात तो भलत्या जागी परत येतो. 'कार इज' म्हणताना पुढे स्वर आला की र उगवतो, 'का-रिज'. याला जोड-र म्हणू. हीच सवय मग जिथे र नव्हताच तिथेही लागते. 'लॉ अँड ऑर्डर' चं 'लॉर-अँड-ऑर्डर', 'आयडिया ऑफ' चं 'आयडियर-ऑफ'. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातले. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून झालेल्या १९६२ च्या पेचप्रसंगावरच्या भाषणांत त्यांचं क्यूबा 'क्यूबर' ऐकू येतं. ते अडाणी होते असं कुणी म्हणत नाही.

खडूफळा ताई, तुमच्या पाहुण्यांसाठी सगळ्यात कामाचं पुढे लिहिते.

१९६२ सालीच विल्यम लबाव या भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमध्ये एक साधी पाहणी केली. तीन मोठी दुकानं निवडली: श्रीमंतांचं सॅक्स, मध्यमवर्गाचं मेसीज, स्वस्तातलं क्लाइन. चौथ्या मजल्यावर कोणती वस्तू मिळते ते आधी पाहून ठेवायचं, मग खालच्या विक्रेत्याला ती वस्तू कुठे मिळेल असं गिऱ्हाईक बनून विचारायचं. उत्तर येणार 'फोर्थ फ्लोअर'. ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं, म्हणजे तो जरा जपून तेच म्हणणार. दोन शब्द, दोन र, दोनदा. मग वळून कोपऱ्यात जायचं आणि टिपून ठेवायचं. असे २६४ जण झाले. सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांनी थोडा किंवा सगळा र म्हटला, मेसीजमध्ये ५१ टक्के, क्लाइनमध्ये साधारण २० टक्के.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये र *म्हणणं* प्रतिष्ठेचं होतं आणि गाळणं खालचं. त्या पाहणीच्या वीसेक वर्षं आधीपर्यंत तिथे उलट होतं! राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं १९३३ चं भाषण ऐका, 'फिअर' चा र कुठेही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वारं फिरलं. र तोच, जीभ तीच, फक्त मोठी माणसं कुणाला म्हणायचं ते बदललं.

खडूफळा

@चार्ल्सकाठ, अंगावर काटा आला. तुमचा 'फोर्थ फ्लोअर' आणि माझ्या मुलीचं 'फोर्टी-फोर'. तोच ध्वनी, त्याच जागी. मनापासून आभार.

रात्रपाळी

पुण्यात कॉल सेंटरला सात वर्षं काढली, म्हणून लिहितोय.

पहिली तीन वर्षं यूके प्रोसेसवर होतो. ट्रेनिंगच्या बॅचमध्ये आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, शेवटचा र सोडा. 'नंबर' नाही 'नंबा', 'कस्टमर' नाही 'कस्टमा'. कागदावर आर दिसला की पेन्सिलने खोडायचा, असा सरावच होता. जमायला दोन महिने गेले. मग यूएस प्रोसेसवर बदली झाली. नवीन ट्रेनर, नवीन खोली, आणि पहिल्या दिवशी सूचना: र म्हणा, जीभ मागे वळवून पूर्ण म्हणा. 'नंबर' म्हणा. मी दोन महिने खपून जो र घालवला होता तो परत आणायला मला तीन महिने लागले.

त्या काळात रात्री दोनच्या ब्रेकला चहा घेताना मला खरंच कळेना की माझ्या तोंडातून स्वतःहून येतो तो र कुठला आहे. घरी आईशी फोनवर बोलताना 'बरोबर' म्हणालो तर शेवटचा र अमेरिकन निघाला. आई म्हणाली, "जीभ भाजली का रे?"

दोन्ही ट्रेनर आपापल्या जागी बरोबर होते, समोरच्या गिऱ्हाइकाला पटकन कळावं एवढाच हेतू. पण दोघांनीही 'हे करेक्ट इंग्लिश' असंच म्हटलं होतं. 'रोटिक' हा शब्द तेव्हा कुणी सांगितला असता तर मी स्वतःला एवढा मूर्ख समजलो नसतो.

उंबरठा

विरोधी सूर लावतोय, राग नसावा.

हे सगळं ज्ञान खरं आहे. पण त्या मुलीला उद्या मुलाखतीला बसायचंय. समोरचा माणूस लबाव वाचून आलेला नसेल. आपल्याकडे वरच्या जागांवर कॉन्व्हेंटच्या वळणाचं, र गाळणारं इंग्रजी अजून वजनदार मानतात. पुस्तकी कोशांतले उच्चारही बहुधा त्याच धाटणीचे असतात. मग शाळेने तेच शिकवलं तर मुलांचं भलंच आहे ना? माझे वडील गिरणीत होते, मी स्वतः धडपडत ते इंग्रजी शिकलो आणि मला त्याचा उपयोग झाला. मुलांना वास्तव सांगा.

ग्रॅनाइट

@उंबरठा, मी ॲबर्डीनला इस्पितळात नर्स आहे, बारा वर्षं झाली. तुमच्या वडिलांच्या आणि तुमच्या कष्टांना नमस्कार करून लिहिते.

येण्याआधी मी मुंबईत क्लास लावून र गाळायला शिकले होते. इथे आले तर पेशंट आजी-आजोबा 'गर्ल' ला 'गिरल' म्हणतात, 'वर्ल्ड' ला 'वरल्ड'. र इतका स्पष्ट की आपला र त्याच्या शेजारी सहज बसतो, जिभेच्या टोकाचाच. मी 'वॉड नंबा फो' म्हटलं की त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. 'वॉर्ड नंबर फोर' म्हटलं की लगेच कळायचं. महिन्याभरात क्लासमधलं सगळं सोडून दिलं. रत्नागिरीच्या शाळेत बाईंनी शिकवलेलं इंग्रजी इथे चालतं.

स्कॉटलंडमध्येही सगळीकडे एकसारखं नाही. ग्लासगोच्या कामगार वस्तीतल्या तरुणांच्या बोलण्यात हा र विरळ होत चालल्याचं अभ्यासकांनी नोंदवलंय. आणि खुद्द इंग्लंडमध्ये ब्रिस्टल, डेव्हन, कॉर्नवॉलकडच्या जुन्या लोकांचा र शाबूत आहे, लँकेशरच्या काही गावांतही. सिनेमातला समुद्री चाचा 'आर्रर्र' करतो ना, ते वळण रॉबर्ट न्यूटन या नटाने १९५० साली रूढ केलं. तो डॉर्सेटचा, त्याच पट्ट्यातला. लीड्स विद्यापीठाने १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडभर ३१३ ठिकाणी खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांची बोली नोंदवली, तेव्हा दक्षिण आणि पश्चिमेत र चांगला पसरलेला होता. तो गावंढळ मानला गेला म्हणून मागे हटत गेला. म्हणजे तिकडच्या मुलांनाही कुणी ना कुणी पाहुणे भेटलेच असणार.

उंबरठा

@ग्रॅनाइट, ही बाजू मला माहीत नव्हती. ॲबर्डीनच्या वॉर्डात माझं इंग्रजी कमी पडलं असतं हे वाचून थांबलो. तरी पुण्या-मुंबईच्या मुलाखतीबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. दोन्ही धाटण्या मुलांच्या कानावर घाला, एवढं जोडतो.

परसदार

मी संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त आहे. वर जोड-र ची गोष्ट वाचली आणि उठून बसलो, कारण आपल्याकडे अशीच एक व्यवस्था पाणिनीने सूत्रात बांधून ठेवलेली आहे.

'खरवसानयोर्विसर्जनीयः'. शब्दाच्या शेवटी र् असेल आणि पुढे कठोर व्यंजन येत असेल किंवा बोलणं तिथेच थांबत असेल, तर त्या र् चा विसर्ग होतो. म्हणून मूळ 'पुनर्', पण एकटा म्हटला की 'पुनः'. पुढे स्वर आला की र् परत हजर: पुनरपि, पुनरागमन. 'अंतर्' चं तसंच. पुढे क आला तर अंतःकरण, पुढे आ आला तर अंतरात्मा. प्रातःकाल आणि प्रातर्विधी. लंडनकर 'फार' एकटं म्हणताना 'फा' म्हणतो आणि 'फार अवे' म्हणताना 'फा-र-वे' म्हणतो, त्याची आणि 'पुनः–पुनरपि' ची चाल सारखी आहे. फरक एवढाच की इंग्रजीत मृदू व्यंजनापुढेही र जातो ('हार्ड' चं 'हाड'), संस्कृतात तिथे टिकतो: अंतर्गत, पुनर्जन्म.

आणि अर्धविराम यांनी सांगितलेला रोटॅसिझम? मूळ स असताना र होणं? 'आयुस्' आणि 'वेद' जोडले की आयुर्वेद. 'धनुस्' वरून धनुर्विद्या, 'ज्योतिस्' वरून ज्योतिर्लिंग. मूळचा स आयुष्य आणि धनुष्य यांत ष होऊन दिसतोच आहे. लॅटिनची जस्ट–ज्युरी ही जोडी आणि आपली आयुष्य–आयुर्वेद ही जोडी, दोन्हीकडे स आणि र शेजारी नांदताहेत.

आता मराठी शब्दाचं. अक्षराच्या नावाला आपण 'कार' लावतो: ककार, मकार, नकार. कात्यायनाच्या वार्तिकात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना जोडलेल्या पूरक नियमांत, याला एकच अपवाद केलाय, 'रादिफः'. र ला 'कार' नाही, 'इफ' लावायचा: रेफ. त्याच रेफाचा मराठीत रफार झाला. ग्रीकांच्या 'रो' पासून इंग्रजांनी विशेषण केलं, आपण रेफापासून करू. रोटिक म्हणजे रेफी, नॉन-रोटिक म्हणजे अरेफी.

सुपारी

रेफी चांगला आहे, पण मुलांना 'रकारी' जास्त लवकर कळेल असं वाटतं.

परसदार

@सुपारी, कळेल, पण 'रकार' म्हटलं की शाळेत 'क्र', 'प्र' मधली तिरकी रेघ डोळ्यांपुढे येते. तिथे र व्यंजनाच्या नंतर आहे, आणि तो तर लंडनचा माणूसही म्हणतो. आपला प्रश्न 'र्क', 'र्ट' मधल्या, डोक्यावरच्या रफाराचा आहे. 'पार्क' चा रफार वाचला की रेफी, पुसला की अरेफी. फळ्यावर काढून दाखवता येईल.

मुद्रितशोधन

मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासतो. या अरेफी इंग्रजीने आमच्या पानावर काय काय आणून ठेवलंय ते सांगतो.

म्यानमार. ब्रह्मी भाषेत त्या नावाच्या शेवटी र नाही, उच्चार 'म्यानमा' च्या जवळचा. रोमन लिपीत शेवटी आर लिहिला तो फक्त 'मा' लांब म्हणा हे सांगण्यासाठी. लंडनच्या वाचकाला तो बरोबर कळतो, कारण तो र म्हणतच नाही. १९८९ साली तिथल्या लष्करी सरकारने हे रोमन स्पेलिंग अधिकृत केलं, आपण ते रेफी डोळ्यांनी वाचलं आणि र छापला. कोरियन आडनाव 'पार्क' तसंच, मूळ नावात र नाही.

उलटा प्रवासही आहे. गोरे शिपाई हिंदुस्थानात चहाला 'चार' लिहीत आणि चहावाल्याला 'चार-वाला'. तिथे आर केवळ 'चा' लांबवायला. आपला 'कर्म' लंडनच्या तोंडात 'कामा' होतो, 'शांततर' या अर्थाचा 'कामर' शब्द आणि तो, दोन्ही एकसारखे वाजतात.

आणि आपण कानाने घेतलेले शब्द? 'लॉर्ड' चा 'लाट' झाला, लाटसाहेब. इथे र कुठेच नाही. पण 'ऑर्डर्ली' चा 'अर्दली' झाला, त्यात तो आहे. 'कर्नल' बघा, इंग्रजी स्पेलिंगात पहिल्या जागी आर नाहीच, एल आहे. नुसतं वाचून घेतला असता तर 'कोलोनेल' झाला असता. म्हणजे तो कानाने आला, आणि र सकट आला.

र बाबत मराठीची जीभ फार बारीक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. 'आचार्यास' वाढलं आणि 'आचाऱ्यास' वाढलं यात पंगतीचा फरक पडतो. र चे दोन आघात वेगळे ठेवून त्यांना वेगळी अक्षरं देणाऱ्या माणसाला कुणी र म्हणू नकोस सांगितलं, तर त्याने का ऐकावं हे मला समजत नाही.

चार्ल्सकाठ

@मुद्रितशोधन, म्यानमारचं नव्यानेच कळलं. रेफी-अरेफीला माझं मत.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. परवा वर्गात काय झालं ते लिहिते आणि माझ्याकडून थांबते.

फळ्यावर 'पार्क', 'कार्ड', 'फोर्थ' असे मोठे शब्द लिहिले, रफार लाल खडूने. एकदा सगळ्यांनी रफारासकट वाचायचं, मग मी डस्टरने रफार पुसायचा आणि पुन्हा वाचायचं. पहिल्याला रेफी म्हणतात आणि दुसऱ्याला अरेफी, आणि कुठल्या देशात कुठलं, एवढंच सांगितलं. उंबरठा यांचं ऐकून मोबाइलवर दोन्ही धाटण्या ऐकवल्या. मग एकमेकांना चौथा मजला विचारायचा खेळ घेतला. चाळीस मुलांत रफार सोडणारी तीन निघाली, तिघंही वर्षभर दुसऱ्या शाळेत काढून आलेली. त्यांनाही कुणी हसलं नाही.

ती मुलगी खेळात बोलली, पण एवढंच. हात काही वर आला नाही. तास संपल्यावर मात्र टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी मधल्या वेळात म्यानमारचं सांगितलं होतं, तेच धरून आली होती. "बाई, मग भूगोलाच्या पेपरात म्यानमार लिहायचं की म्यानमा?"

म्यानमार लिही म्हटलं, पुस्तकात तसंच छापलंय. "पण तिथली माणसं र म्हणत नाहीत ना?" नाही म्हणत. तिने वहीच्या मागच्या पानावर दोन्ही लिहून घेतलं, एकाखाली एक, आणि वरच्याच्या शेवटच्या र भोवती पेन्सिलने गोल काढला.